मुलांमधला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा: उपचारांनी किती मुलं बरी होतात? आई-वडिलांचे नेहमीचे प्रश्न

रिपोर्टवर ‘सार्कोमा’ हा शब्द दिसला की आई-वडिलांना पुढचं काही ऐकूच येत नाही. डॉक्टर बोलत राहतात आणि डोक्यात एकच प्रश्न घुमतो: आपलं लेकरू वाचेल ना? त्या एका प्रश्नातून निघणारे बरेच प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे लपवलेले नाहीत. पण प्रत्येक आकडा कुठल्या मुलांचा आहे, हे त्याच्यासोबतच सांगितलं आहे, कारण त्याशिवाय तो आकडा घाबरवतो तरी किंवा फसवतो तरी.

हा आजार नेमका कशाचा?

स्नायू, चरबी, कंडरा, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं, सांध्यांभोवतालचा भाग अशा शरीराच्या मऊ भागांत होणाऱ्या कर्करोगांना मिळून सॉफ्ट टिश्यू सार्कोमा म्हणतात. मुलांना होणाऱ्या सगळ्या कर्करोगांत त्यांचा वाटा साधारण ७ टक्के आहे. त्यातले जवळपास निम्मे एकाच प्रकारचे असतात, रॅब्डोमायोसार्कोमा. बोलताना सगळे त्याला ‘रॅब्डो’ म्हणतात. स्नायू बनण्याच्या वाटेवर असलेल्या, अजून कोवळ्या पेशींसारख्या पेशींचा हा कर्करोग. तो डोळ्याच्या खोबणीत, नाकाच्या मागे, कानात, मूत्राशयात, वृषणाजवळ, हातापायांत, पोटात, कुठेही होऊ शकतो. उरलेल्या निम्म्यांत सायनोव्हियल सार्कोमा, फायब्रोसार्कोमा, नसांच्या आवरणाचे सार्कोमा असे बरेच दुर्मीळ प्रकार येतात.

हा फरक पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. रॅब्डो आणि बाकीचे सार्कोमा यांचे उपचार वेगळे आणि त्यांचे आकडेही वेगळे.

माझं मूल बरं होईल का? टक्केवारी सांगा.

रॅब्डो झालेली सगळी मुलं एकत्र धरली, तर आधुनिक उपचार पूर्ण मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. १९७० च्या आधी, जेव्हा भरवसा मुख्यतः शस्त्रक्रियेवर होता, तेव्हा चारातलं जेमतेम एखादं मूल वाचायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून या एकाच आजाराचा अभ्यास करणारा गट उभा केला. एकट्या रुग्णालयाकडे वर्षाला अशी दोन-चारच मुलं यायची. तेवढ्यावरून कुठलं औषध चांगलं हे कधीच कळलं नसतं. त्या गटाच्या पहिल्या अभ्यासात पाच वर्षांचा आकडा ५५ टक्के आला, तिसऱ्यात ७१ टक्के. मधल्या काळात कुठलं चमत्कारी औषध सापडलं नव्हतं. केमो, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन कुणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचं याचा हिशेब बसत गेला.

पण ७० हा आकडा तुमच्या मुलाचा नाही, तो सगळ्या मुलांच्या गर्दीचा आहे. त्या गर्दीत ज्यांचे ९० टक्क्यांहून जास्त जण बरे होतात अशी मुलं आहेत आणि ज्यांचे २० ते ३० टक्केच वाचतात अशीही आहेत. डॉक्टर उपचारांआधी जोखमीचे गट पाडतात. कमी जोखमीच्या गटात पाच वर्षांचा आकडा बहुतेक ठिकाणी ७० ते ९० टक्क्यांच्या वर सांगतात, मधल्या गटात ५० ते ७० टक्के आणि जास्त जोखमीच्या गटात २० ते ३० टक्के. म्हणून ‘किती टक्के?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे, ‘आमचं मूल कुठल्या गटात आणि का?’

‘पाच वर्षं’ म्हणजे मूल पाचच वर्षं जगणार?

नाही. हा गैरसमज इतका सर्रास आहे आणि इतका जिव्हारी लागणारा, की डॉक्टरांनी न विचारता तो दूर करायला हवा असं मला वाटतं. पाच वर्षं ही फक्त मोजायची खूण आहे. हा आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. पाच वर्षं निर्धोक गेली की तो परत येण्याची शक्यता फारच कमी उरते, आणि अशी असंख्य मुलं पुढे मोठी होऊन आपापलं आयुष्य जगतात.

आणखी एक. अभ्यासांत दोन वेगवेगळे आकडे असतात. एक, किती मुलं हयात आहेत. दुसरा, किती मुलांचा आजार एकदाही न उलटता गेला. दुसरा आकडा नेहमी कमी किंवा तेवढाच असतो, कारण आजार उलटलेली काही मुलं पुन्हा उपचार घेऊन बरी होतात. कुणी आकडा सांगितला तर यातला कुठला ते विचारून घ्या.

मग परिणाम कशावर ठरतो?

बऱ्याच गोष्टींवर, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो निदानाच्या वेळी आजार दूरवर पसरला आहे की नाही याने. फुप्फुसं, हाडं, अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्त बनवणारा मगज) इथे तो आधीच पोचला असेल तर लढाई अवघड होते. रॅब्डो असलेल्या दर पाच-सहा मुलांत एकाला असा पसरलेला आजार असतो.

त्यानंतर जागा. डोळ्याच्या खोबणीतल्या रॅब्डोत ९० टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. तिथे थोडी सूज आली तरी डोळा पुढे येतो, पापणी पडते, आणि आई-वडिलांना लवकर दिसतं. वृषणाजवळच्या गाठींचंही, विशेषतः दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये, असंच. लहान मुलींच्या योनीमार्गात होणारा द्राक्षांच्या घोसासारखा दिसणारा प्रकारही उपचारांना फार छान दाद देतो. याउलट नाकामागे, कानाच्या मधल्या भागात, कवटीच्या तळाशी टेकलेली गाठ उशिरा लक्षात येते. तिथून ती मेंदूच्या आवरणाकडे सरकू शकते आणि सर्जनला ती पूर्ण काढताही येत नाही. हातापायांतल्या, छाती-पोटाच्या भिंतीतल्या, मूत्राशय आणि प्रोस्टेटमधल्या गाठीही अवघड जागांत मोजतात.

आकारासाठी सगळीकडे एकच रेघ आहे: ५ सेंटिमीटर. त्याहून लहान गाठ बरी. जवळच्या लसिकाग्रंथींत आजार गेला आहे का हेही पाहतात. वयाचाही भाग आहे. एक ते नऊ वर्षांच्या मुलांचे परिणाम सर्वांत चांगले. एका वर्षाच्या आतल्या बाळांना औषधांचे पूर्ण डोस आणि रेडिएशन देणं कठीण जातं. दहा वर्षांपुढच्या मुलांमध्ये आजाराचा स्वभावच बहुधा जास्त आक्रमक असतो.

आणि शेवटी गाठीच्या आतली जनुकीय जडणघडण. तिचं महत्त्व गेल्या काही वर्षांत इतकं वाढलं आहे की पुढचा प्रश्न तिच्यासाठीच ठेवला आहे.

रिपोर्टमध्ये ‘फ्यूजन पॉझिटिव्ह’ लिहिलंय. हे काय?

पूर्वी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन मुख्य प्रकार सांगायचे, एम्ब्रायोनल आणि अल्व्हिओलर. एम्ब्रायोनल जास्त मुलांना होतो आणि त्याचे परिणाम चांगले. अल्व्हिओलर जास्त चिवट, मोठ्या मुलांत आणि हातापायांत जास्त दिसणारा. पुढे कळलं की अल्व्हिओलर प्रकारातल्या बहुतेक गाठींत दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चुकीचे जोडलेले असतात आणि त्यातून ‘पॅक्स ३-फॉक्स ओ १’ किंवा ‘पॅक्स ७-फॉक्स ओ १’ नावाचं जोडजनुक तयार होतं. हे जोडजनुक सापडलं म्हणजे फ्यूजन पॉझिटिव्ह.

महत्त्वाचं असं की, दिसायला अल्व्हिओलर असूनही ज्या गाठीत हे जोडजनुक नसतं, ती वागायला एम्ब्रायोनलसारखीच निघते. म्हणजे नुसत्या दिसण्यावर विसंबून गट पाडला तर काही मुलांना गरजेपेक्षा जास्त उपचार मिळतील. म्हणून ही तपासणी झाली आहे का हे जरूर विचारा. फ्यूजन पॉझिटिव्ह आलं तर जोखीम वाढते हे खरं. पण आजार पसरलेला नसेल तर यातलीही बरीच मुलं बरी होतात. फ्यूजन नसलेल्या गाठींतही ‘मायो डी १’ किंवा ‘टी पी ५३’ या जनुकांत बिघाड सापडला तर डॉक्टर जास्त सावध होतात.

स्टेज २, ग्रुप ३, मधली जोखीम… हे तीन वेगळे आकडे का?

स्टेज ठरते उपचारांआधी: जागा, आकार, ग्रंथी, पसरलेपण यांवरून. ग्रुप ठरतो पहिल्या शस्त्रक्रियेनंतर किती आजार मागे उरला यावरून. ग्रुप १ म्हणजे सगळा निघाला, २ म्हणजे सूक्ष्मदर्शकातच दिसेल इतका उरला, ३ म्हणजे डोळ्यांना दिसेल इतका उरला किंवा फक्त बायोप्सीच (तपासणीसाठी गाठीचा छोटा तुकडा काढणं) झाली, ४ म्हणजे दूरवर पसरलेला. हे दोन्ही आणि फ्यूजनचा रिपोर्ट मिळून जोखमीचा गट ठरतो. ‘ग्रुप ३’ ऐकून घाबरू नका. रॅब्डोची निम्म्याच्या आसपास मुलं याच गटात असतात, आणि मोठ्यांच्या कर्करोगातल्या ‘तिसऱ्या स्टेज’शी त्याचा काही संबंध नाही.

गाठ दिसतेय, तर आधी काढूनच का टाकत नाहीत? सुई घातल्याने पसरणार नाही का?

नीट ठरवून केलेल्या बायोप्सीने मुलाचे परिणाम बिघडत नाहीत. उलट, काय आहे हे न कळता घाईने काढलेली गाठ हीच पुढे डोकेदुखी होते. ‘चरबीची गाठ असेल’ म्हणून कुठेतरी छोटं ऑपरेशन होतं, कडेला पेशी उरतात, आजूबाजूच्या चांगल्या भागात मिसळतात, आणि मग पुन्हा मोठं ऑपरेशन किंवा जास्त रेडिएशन करावं लागतं. वृषणाजवळच्या गाठीसाठी छेद जांघेतून घ्यावा लागतो, अंडकोशातून नाही. चुकीच्या जागचा छेद पुढचे उपचार वाढवतो. हातापायावर बायोप्सीचा छेद कुठे आणि कोणत्या दिशेने घ्यायचा, हे पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवलेलं बरं.

माझं स्पष्ट मत आहे की या आजारात सगळ्यात स्वस्तात टळणारं नुकसान इथेच आहे. वाढत जाणारी, घट्ट, खोलवरची किंवा ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ असेल तर ती दुखत नसली तरी, कुणी हात लावण्याआधी मुलांच्या कर्करोगाचा अनुभव असलेल्या रुग्णालयात दाखवा.

गाठ आधी न काढण्याचं दुसरं कारण म्हणजे रॅब्डो केमोला चांगला आटतो. मूत्राशय किंवा डोळा काढून टाकण्यापेक्षा आधी गाठ आटवायची आणि मग अवयव वाचवून उरलेलं सांभाळायचं, हा आजचा मार्ग आहे.

केमो सगळ्यांनाच लागते का? किती दिवस?

रॅब्डोत, हो, सगळ्यांना. गाठ पूर्ण निघाली तरीही. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी शरीरात फिरत असतात हे जुन्या अनुभवाने शिकवलं आहे. केवळ शस्त्रक्रियेवर सोडलेल्या मुलांत आजार पुन्हा पुन्हा उलटत असे.

अमेरिकेत मुख्य तीन औषधं म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, डॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. युरोपात सायक्लोफॉस्फामाइडच्या जागी आयफॉस्फामाइड. दोन्ही पद्धतींचे परिणाम सारखेच आहेत, त्यामुळे तुमच्या रुग्णालयाने यातली कुठली निवडली याची चिंता नको. उपचार साधारण सहा महिने ते एक वर्ष चालतात. अगदी कमी जोखमीच्या मुलांना २२ आठवड्यांचे उपचार पुरले, आणि त्या अभ्यासात तीन वर्षांनी ९८ टक्के मुलं हयात होती. अशा मुलांना जास्त औषध देऊन काही साधत नाही.

जास्त जोखीम असलेल्या, पण आजार न पसरलेल्या मुलांसाठी २०१९ मध्ये एक मोठी गोष्ट समजली. युरोपीय गटाने नेहमीचे उपचार संपलेल्या ३७१ मुला-तरुणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचे उपचार तिथेच थांबवले. दुसऱ्याला आणखी सहा महिने व्हिनोरेल्बिनची इंजेक्शनं आणि सायक्लोफॉस्फामाइडचा लहान डोस तोंडाने रोज दिला. पाच वर्षांनी पहिल्या गटात ७३.७ टक्के हयात होते, दुसऱ्यात ८६.५ टक्के. कितीतरी वर्षांनी या आजारात एवढा फरक दिसला, आणि तोही महागड्या नव्या औषधाने नव्हे, जुन्याच औषधांच्या लहान, पण सतत दिलेल्या डोसांनी. ‘मेंटेनन्स’ म्हणतात ते हेच. तुमचं मूल या गटात बसत असेल तर मेंटेनन्सचा विचार झाला आहे का, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

रेडिएशन टाळता येणार नाही का? इतक्या लहान जिवाला…

ही धास्ती अगदी रास्त आहे. रेडिएशनमुळे वाढत्या हाडांची वाढ खुंटते, चेहऱ्याची एक बाजू लहान राहू शकते, डोळ्यात मोतीबिंदू होतो, मेंदूच्या तळाशी दिलं तर वाढीचं संप्रेरक कमी पडतं. डॉक्टरांनाही ते नको असतं.

म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात एक प्रयोग झाला. केमो आणि शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण गेली तर रेडिएशन द्यायचंच नाही, उलटली तर पाहू. या अभ्यासात पाच वर्षांनी ७१ टक्के मुलं हयात होती, पण आजार एकदाही न उलटलेली फक्त ५७ टक्के. म्हणजे काही मुलं खरोखरच रेडिएशनशिवाय बरी झाली, हे त्याचं यश. पण पुष्कळांचा आजार त्याच जागी उलटला आणि मग त्यांना आणखी कडक उपचार सोसावे लागले. त्याच्या पुढेमागे झालेल्या अमेरिकी अभ्यासांत रेडिएशन जास्त सढळपणे दिलं होतं आणि तिथे उलटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून आज बहुतेक मुलांना रेडिएशन सुचवतात. अपवाद म्हणजे सुरुवातीलाच गाठ पूर्ण निघालेली, फ्यूजन नसलेली मुलं.

डोस नेमका ठरलेला असतो, साधारण ३६ ते ५०.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप). ५०.४ ग्रे म्हणजे १.८ ग्रेच्या २८ बैठका, आठवड्यात पाच, मिळून साडेपाच आठवड्यांच्या आसपास. लहान मुलांना हलता येऊ नये म्हणून रोज थोड्या वेळाची भूल देतात. प्रोटॉन पद्धतीने आजूबाजूच्या निरोगी भागाला कमी किरण लागतात. ती उपलब्ध असेल तर डोकं-मानेच्या गाठींसाठी विचारण्यासारखी आहे. पण प्रोटॉनच्या शोधात उपचार आठवडेच्या आठवडे लांबवू नका. गाठीवरचा ताबा मिळवण्यात नेहमीचं रेडिएशनही कमी पडत नाही.

उपचार संपले तरी स्कॅनमध्ये गाठीचा तुकडा दिसतोय. म्हणजे उपचार फसले?

तसं नाही. हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज कापतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. उपचारांनंतर उरलेला तुकडा अनेकदा नुसता व्रण असतो, किंवा त्यात वाढ थांबलेल्या, पक्व झालेल्या स्नायूपेशी असतात. शस्त्रक्रियेने न निघालेल्या गाठींचा अमेरिकेत अभ्यास झाला तेव्हा दिसलं की, उपचार संपताना गाठ पूर्ण नाहीशी झालेली मुलं आणि थोडा अवशेष उरलेली मुलं यांच्या पुढच्या परिणामांत ठळक फरक नव्हता. धोक्याची खूण आहे ती गाठ वाढण्याची. त्यामुळे डॉक्टर ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हणाले तर तो निष्काळजीपणा समजू नका.

आजार निदानाच्या वेळीच पसरलेला आहे. आशा आहे का?

आहे, पण ती सगळ्यांना सारखी नाही. पसरलेल्या रॅब्डोच्या मुलांचे युरोप-अमेरिकेतले आकडे एकत्र करून २००८ मध्ये चार गोष्टी निवडल्या गेल्या: वय एकपेक्षा कमी किंवा दहा व त्याहून जास्त, गाठ अवघड जागी, हाड किंवा अस्थिमज्जेत आजार, आणि तीन किंवा अधिक ठिकाणी पसरलेपण. यातलं एकही नसलेल्या मुलांपैकी ५० टक्क्यांचा आजार तीन वर्षांत उलटला नव्हता. एक असेल तर ४२ टक्के. दोन असतील तर आकडा एकदम १८ वर येतो, आणि चारही असतील तर ५ वर.

म्हणजे फक्त फुप्फुसात दोन-चार ठिपके असलेलं सहा वर्षांचं मूल आणि अस्थिमज्जेत आजार असलेला पंधरा वर्षांचा मुलगा, दोघांच्या कागदावर ‘ग्रुप ४’च लिहिलेलं असतं, पण त्यांच्या वाटा फार वेगळ्या आहेत. खूप जास्त डोसची केमो देऊन मग रक्त बनवणाऱ्या मूलपेशी परत देण्याचा प्रयोग या आजारात पुष्कळदा झाला. त्याने फायदा सिद्ध झालेला नाही.

दुसऱ्या टोकाच्या मुलांच्या आई-वडिलांशी डॉक्टरांनी खरं बोलावं आणि वेदना, झोप, भूक सांभाळणारी पॅलिएटिव्ह टीम पहिल्या दिवसापासून सोबत असावी, असं मला मनापासून वाटतं. ती टीम बोलावली म्हणजे उपचार सोडले असा अर्थ होत नाही.

आमच्या मुलाला रॅब्डो नाही, दुसरा सार्कोमा आहे. त्याचं काय?

तिथे शस्त्रक्रिया हा कणा आहे. यातले बरेच प्रकार केमोला रॅब्डोइतकी दाद देत नाहीत. अमेरिकेत ५०० हून जास्त मुला-तरुणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीचा आकार, तिची ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), ती किती निघाली आणि आजार पसरला आहे का, यावर तीन गट केले होते. कमी जोखमीच्या गटात पाच वर्षांनी ९६ टक्के हयात, मधल्या गटात ७९ टक्के, जास्त जोखमीच्या गटात ३५ टक्के. कमी जोखमीच्या बहुतेक मुलांना फक्त शस्त्रक्रिया पुरली, केमो लागलीच नाही.

काही प्रकारांत नवी औषधंही आली आहेत. तान्ह्या बाळांना होणाऱ्या फायब्रोसार्कोमात बहुतेकदा ‘एन टी आर के’ जनुकाची चुकीची जोडणी असते. नेमकी तीच अडवणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१८ पासून मंजूर आहे, आणि बाळांना ते पातळ औषधाच्या रूपात देता येतं. पूर्वी जिथे हात किंवा पाय काढावा लागला असता, तिथे आता गाठ आटवून तो वाचवता येतो. या बाळांचे परिणाम एरवीही फार चांगले आहेत, ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा या अगदी दुर्मीळ प्रकाराच्या पसरलेल्या आजारासाठी अटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध २०२२ मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठीही मंजूर झालं.

आजार उलटला तर सगळं संपलं?

नाही, पण वाट खडतर होते. उलटलेल्या रॅब्डोच्या सगळ्या मुलांत पुढे बरी होणारी मुलं कमीच असतात. पण आजार फक्त मूळ जागी, उपचार संपून बराच काळ गेल्यावर उलटला असेल, प्रकार एम्ब्रायोनल असेल आणि त्या जागी आधी रेडिएशन दिलेलं नसेल, तर पुन्हा बरं होण्याची खरीखुरी संधी असते. व्हिन्क्रिस्टिन, आयरिनोटेकॅन आणि टेमोझोलोमाइड ही तीन औषधं सध्या बऱ्याच ठिकाणी वापरतात. उपचार चालू असतानाच, दूरच्या अवयवांत उलटला तर मात्र संधी फार थोडी उरते. अशा वेळी नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांच्या संमतीने होणारा उपचारांचा अभ्यास, खुली आहे का हे विचारावं, आणि घरी किती वेळ घालवता येईल हेही.

ट्रायलमध्ये घेतलं म्हणजे मुलावर प्रयोग करणार?

वर सांगितलेले बहुतेक आकडे कुणाच्या तरी मुलाने ट्रायलमध्ये भाग घेतल्यामुळे कळले आहेत. बहुतेक ट्रायलमध्ये एका गटाला आजचे सर्वांत चांगले उपचार मिळतात आणि दुसऱ्याला त्यात काही भर किंवा बदल करून. भर नेहमीच फायद्याची ठरते असं नाही. युरोपात डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध वाढवून पाहिलं, परिणाम सुधारले नाहीत, फक्त त्रास वाढला. हे कळणंही मोलाचं, कारण पुढच्या मुलांना ते दिलं गेलं नाही. सही करण्याआधी वेळ मागा. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळतातच.

उपचार मधेच थांबवले तर? गाठ तर दिसत नाहीशी झाली.

कृपा करून थांबवू नका. रॅब्डो केमोच्या पहिल्या दोन-तीन सायकलमध्येच (फेऱ्यांमध्ये) झपाट्याने आटतो. मूल खेळायला लागतं, केस गळालेलं आणि उलट्या करणारं लेकरू पुन्हा त्या इंजेक्शनांकडे न्यायला जीव होत नाही. पण दिसणारी गाठ गेली तरी न दिसणाऱ्या पेशी असतात, आणि अर्ध्या औषधाने वाचलेल्या पेशी पुढच्या वेळी औषधाला जुमानत नाहीत. जगभर श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उशिरा निदान आणि औषधांची टंचाई यांच्याबरोबर अर्धवट सुटलेले उपचार हे त्यामागचं मोठं कारण आहे. पैसा, प्रवास, घरातलं दुसरं मूल, जे काही आड येत असेल ते रुग्णालयातल्या समाजसेवकाला उघडपणे सांगा. पुष्कळदा मार्ग निघतो.

केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो.

आमच्या हातून काही चुकलं का? दुसऱ्या मुलाला होईल का?

तुमचं काही चुकलेलं नाही. पडल्याने किंवा मार लागल्याने हा आजार होत नाही. मार लागलेल्या जागेकडे लक्ष जातं आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, एवढंच. थोड्या मुलांमध्ये मात्र जन्मजात जनुकीय कारण असतं, जसं ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, डायसर १ या जनुकातला बिघाड. घरात कमी वयात झालेले बरेच कर्करोग असतील, मूल फार लहान असेल किंवा रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ (पेशी फारच वेड्यावाकड्या दिसणारी गाठ) असं लिहिलं असेल तर जनुकीय सल्ला घ्या. त्याने भावंडांचीही योग्य तपासणी ठरवता येते.

बरं झाल्यावर पुढे काय त्रास राहतात? मूलबाळ होईल का?

व्हिन्क्रिस्टिनमुळे पायांतली ताकद कमी होते, मूल पाऊल फरफटत टाकतं. हे बहुधा काही महिन्यांत सुधारतं. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफॉस्फामाइड जास्त प्रमाणात गेलं तर प्रजननक्षमता कमी होऊ शकते, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू उपचारांआधी साठवून ठेवता येतात, मुलींसाठीही काही ठिकाणी अंडाशयाचा भाग साठवण्याची सोय असते. हा विषय पहिली केमो सुरू होण्याआधीच निघायला हवा. कुणी काढला नाही तर तुम्ही काढा. आयफॉस्फामाइडने मूत्रपिंडाला, डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर त्याने हृदयाला त्रास होऊ शकतो. पुढे कित्येक वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याची थोडी जोखीम राहते.

मुलाला खरं सांगावं का?

त्याच्या वयाला पेलेल तेवढं, पण खरं. चार वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या पोटात एक वाईट गाठ आहे, औषधाने ती लहान करायची आहे’ एवढं पुरतं. तेरा वर्षांच्या मुलीला आजाराचं नाव सांगा, नाहीतर ती फोनवर शोधणारच आहे, आणि तिथे तिला कुणा भलत्याच गटातल्या रुग्णाचे आकडे सापडतील.

तपासण्या किती वर्षं चालतात?

पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी गाठीच्या जागेची आणि छातीची तपासणी होते, नंतर अंतर वाढत जातं. पाच वर्षांनंतर लक्ष आजारावरून उपचारांच्या परिणामांकडे वळतं: उंची, हृदय, मूत्रपिंड, डोळे, दात, संप्रेरकं. उपचार संपतील त्या दिवशी रुग्णालयाकडून एक लेखी सारांश मागून घ्या. त्यात गाठीचा नेमका प्रकार, फ्यूजनचा निकाल, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे, आणि झालेल्या शस्त्रक्रिया एवढं असावं. तुमचं मूल पंचवीस वर्षांचं झाल्यावर ज्या डॉक्टरकडे जाईल, त्याला या लेकराचं लहानपण माहीत नसेल, म्हणून त्याची एक प्रत मुलाच्याच हाती द्या.